मॉनिटरमागचे पडद्यानुसार रंग बदलणारे दिवे: कोणते घ्यावेत? जाणकारांनी प्रकाश टाकावा

किर्रकाळोख (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मॉनिटरच्या मागे एलईडी पट्टी लावायची आहे. एकाच रंगात पेटून राहणारी नको. पडद्याच्या कडेला जे रंग चालले असतील तेच मागच्या भिंतीवर पसरवणारी हवी, फिलिप्सच्या ॲम्बिलाइट टीव्हींना २००४ पासून असतं तसं. टीव्हीसाठी पर्याय पुष्कळ दिसतात, मॉनिटर म्हटलं की घोळ सुरू होतो.

माझ्याकडे २७ इंची, १४४०पी, १६५ हर्ट्झचा सपाट मॉनिटर आहे. पीसी डिस्प्लेपोर्टवर, आणि त्याच मॉनिटरला एचडीएमआयवर गेमिंग कन्सोल. भिंत पांढरी, मॉनिटर भिंतीपासून वीतभर पुढे. संध्याकाळी गेम आणि सिनेमे, दिवसा ऑफिसचं काम.

आतापर्यंत तीन प्रकार सापडले: कॅमेऱ्यावाले, एचडीएमआयच्या डबीवाले आणि यूएसबीला जोडून सॉफ्टवेअरवर चालणारे. एक मित्र म्हणतो डोळे झाकून कॅमेरा घे, दुसरा म्हणतो स्वतः बनव. सोल्डरिंग येत नाही, पण शिकायची तयारी आहे. पैशांचं नंतर बघू, आधी काय घ्यावं ते कळू दे.

ठिगळ

पट्टी कोणती हा शेवटचा प्रश्न आहे हो. पडद्यावरचा रंग नक्की कुठे वाचला जाणार, हे आधी ठरवा. ते ठरलं की बाकीचं आपोआप ठरतं.

पीसीवरचं सॉफ्टवेअर थेट ग्राफिक्स कार्डाकडून चित्र घेतं. विंडोज ८ पासून त्यासाठी डेस्कटॉप डुप्लिकेशन नावाची सोय आहे, बहुतेक प्रोग्रॅम तीच वापरतात. मधे काही जोडायचं नाही, त्यामुळे १६५ हर्ट्झला धक्का नाही की जी-सिंक, फ्रीसिंकला (मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्डाची गती जुळवणाऱ्या सोयींना) धक्का नाही. पण पीसी सोडून बाकी कशाचं चित्र त्याला दिसत नाही.

एचडीएमआयची डबी केबलच्या मधे बसते आणि जाणारं चित्र वाचते. कन्सोलला झकास. पण तुमचा पीसी डिस्प्लेपोर्टवर आहे, त्याचं चित्र या डबीतून जाणारच नाही. पीसी एचडीएमआयवर आणला तर जी मर्यादा डबीची तीच तुमच्या मॉनिटरची. फिलिप्स ह्यूची २०१९ ची डबी ४के ला ६० हर्ट्झपर्यंतच जाते, एचडीएमआय २.१ वाली त्यांनी २०२४ मध्ये आणली. शिवाय ह्यूचा ब्रिज (दिवे चालवणारी मधली पेटी) आणि ह्यूचे दिवे वेगळे. १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन मधे असा अडथळा कोण घालेल?

कॅमेरा सरळ पडद्याकडे बघतो. पीसी असो, कन्सोल असो, त्याला काही देणंघेणं नाही. दिसतं ते रंगवतो, आणि त्याला नीट दिसत नाही हीच त्याची अडचण.

उंटावरचाशहाणा

कॅमेऱ्याला इतकं कमी लेखू नका राव. मी कॅमेऱ्यावालाच वापरतो आणि खूश आहे. लावायला अर्धा तास पुरतो. सुरुवातीला पडद्याच्या कडांना फोमचे छोटे नारिंगी तुकडे चिकटवायचे, फोनवरच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या चित्रावर त्या त्या जागी ठिपके ओढून न्यायचे, मग तुकडे काढून टाकायचे. झालं. पीसीवर प्रोग्रॅम नको, ड्रायव्हर नको. ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नसते, तिथे दुसरा मार्गच नाही.

ठिगळ

@उंटावरचाशहाणा, ऑफिसच्या लॅपटॉपचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तीन गोष्टी सांगा. दिवसा खिडकीतला उजेड पडद्यावर पडतो तेव्हा काय होतं? अंधाऱ्या प्रसंगात काय होतं? आणि तुमचा वेबकॅम कुठे बसतो?

उंटावरचाशहाणा

वेबकॅम बाजूच्या स्टँडवर गेला, कारण वरच्या कडेची मधली जागा या कॅमेऱ्याने घेतली. :) दिवसा दिवे लावतच नाही, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. अंधाऱ्या प्रसंगात मात्र तुमचं खरं आहे. पडद्यावर मिट्ट काळोख असला तरी खोलीतल्या दिव्याची चमक कॅमेऱ्याला दिसते आणि भिंतीवर फिकट राखाडी उजेड राहतो. खोलीतला दिवा घालवला की जातो. आणि धूळ पुसताना कॅमेऱ्याला धक्का लागला तर ते ठिपके परत जुळवायचे. एवढंच.

पाऊणवाटी

माझाही प्रश्न यातच विचारते. ३४ इंची वक्र अल्ट्रावाइडला कॅमेरा चालेल का?

ठिगळ

@पाऊणवाटी, मी तरी घेणार नाही. कॅमेरा मधोमध, पडद्याला जवळजवळ चिकटून असतो. त्याला दोन्ही टोकं फार तिरकी आणि चिंचोळी दिसतात, वर पडद्याला बाक. ज्या कडांचा रंग हवा त्याच सगळ्यात वाईट वाचल्या जातात. तुमच्याकडे फक्त पीसी असेल तर सॉफ्टवेअरवालाच घ्या.

सोल्डरगन

आलो. हा आपला विषय. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी पट्टी ओळखायला शिका. बाजारात 'मॉनिटर बॅकलाइट' म्हणून जे मिळतं त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांना चार तारा असतात: एक वीजपुरवठ्याची आणि लाल, हिरव्या, निळ्याची एकेक. अशी पट्टी सगळीच्या सगळी एका वेळी एकच रंग दाखवते. पडद्याच्या डावीकडे आग आणि उजवीकडे समुद्र असेल तर ती मधलाच काहीतरी जांभळट रंग लावून मोकळी होते. तुम्हाला हवी ती ॲड्रेसेबल पट्टी, म्हणजे प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रंग सांगता येतो अशी. पाच व्होल्टच्या नेहमीच्या पट्टीला तीनच तारा असतात: पाच व्होल्ट, ग्राउंड, डेटा. पट्टीवर बाणही छापलेले असतात, डेटा त्या दिशेनेच जातो. उलट्या टोकाला तार जोडली तर काहीही पेटत नाही आणि लोक पट्टी खराब निघाली म्हणून परत पाठवतात.

चिप कोणती? डब्ल्यूएस२८१२बी घ्या आणि गप्प बसा. सगळे प्रोग्रॅम तिला ओळखतात. एसके६८१२ मध्ये पांढऱ्याचा वेगळा एलईडी मिळतो, भिंतीवरचा पांढरा छान येतो. एपीए१०२ ला घड्याळाची वेगळी तार असते आणि तिचं लुकलुकणं कॅमेऱ्यात फारसं पकडलं जात नाही. व्हिडिओ शूट करणाऱ्यांनी तिचा विचार करावा, बाकीच्यांनी नको.

आता हिशोब. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंमी रुंद आणि ३४ सेंमी उंच. चारही बाजूंनी १८८ सेंमी. मीटरला ६० एलईडीची पट्टी घेतली तर साधारण ११२ एलईडी. खालची बाजू सोडली तर १२८ सेंमी, ७६ एलईडी. खालची बाजू सोडाच असं माझं मत. तिथे टेबल असतं, स्टँडचा पाय मधे येतो, आणि पॉलिश केलेल्या टेबलावर एलईडीचे ठिपके सरळ डोळ्यांत येतात.

एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलीअँपिअरपर्यंत खातो. ७६ एलईडी म्हणजे साडेचार अँपिअर. यूएसबी २.० चा पोर्ट अर्धा अँपिअर देतो, ३.० चा ०.९. म्हणजे 'यूएसबीवर चालते' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे एकतर एलईडी मोजके असतात किंवा उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. त्यात फसवणूक नाही, मॉनिटरच्या मागे तेवढा उजेड बऱ्याचदा पुरतो. पण स्वतः बनवणार असाल तर ५ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर घ्या, ७६ ला ५ अँपिअरचा. ॲडॉप्टरचं ग्राउंड आणि कंट्रोलरचं ग्राउंड एकमेकांना जोडलंच पाहिजे. ते विसरलं की पट्टी वेड्यासारखी चमकते.

कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ हा छोटा बोर्ड, त्यावर पट्टी चालवणारं डब्ल्यूएलईडी. मुक्त सॉफ्टवेअर आहे, ब्राउझरमधूनच बोर्डवर चढवता येतं. चढवल्यावर लगेच एक गोष्ट बघा: त्यात करंटची मर्यादा मुळात ८५० मिलीअँपिअरला ठेवलेली असते. ॲडॉप्टर मोठा लावूनही उजेड मिणमिणता का, म्हणून विचारणारे इथे दर थोड्या दिवसांनी येतात. तो आकडा ॲडॉप्टरला झेपेल एवढा करा, वर थोडी जागा ठेवून.

पीसीवर पडद्याचे रंग वाचून पाठवणारा प्रोग्रॅम, हायपरएचडीआर किंवा प्रिझमॅटिक. पुढचं उद्या लिहितो.

किर्रकाळोख

@सोल्डरगन, दंडवत! वाखु (वाचनखूण) साठवली. 'पुढचं' लवकर येऊ द्या. एक शंका: पीसी ते ईएसपी३२ वायफायने जोडायचं की यूएसबीने?

सोल्डरगन

टेबलावर सगळं हाताच्या अंतरावर असताना वायफाय कशाला? यूएसबी. वायफायवर एरवी ठीक चालतं, पण घरात कोणी मोठं डाउनलोड लावलं की दिवे अडखळतात, आणि एकदा ते लक्षात आलं की दुसरं काही दिसतच नाही.

यूएसबीवर मात्र बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग, बघा. नेहमीचा ॲडालाइट प्रोटोकॉल ११५२०० ला चालतो, म्हणजे सेकंदाला ११५२० बाइट. ११२ एलईडींना प्रत्येकी तीन बाइट आणि सुरुवातीचे सहा, असे एका फ्रेमला ३४२. भागाकार केलात तर सेकंदाला ३३ फ्रेम. ७६ एलईडींना ४९. पट्टीला स्वतःला एका एलईडीसाठी ३० मायक्रोसेकंद लागतात, ११२ ला साडेतीन मिलिसेकंदसुद्धा नाहीत. म्हणजे अडतं ते यूएसबीच्या सेटिंगपाशी. दोन्हीकडचा आकडा वाढवा, डब्ल्यूएलईडीत आणि पीसीच्या प्रोग्रॅममध्ये, आणि दोन्हीकडे तोच ठेवा.

कोराकागद

थोडं विरोधी मत मांडतो.

मी फोटो एडिटिंग करतो. पडद्यामागे उजेड असावा याला माझाही पाठिंबा आहे. अंधाऱ्या खोलीत एकटा पडदाच पेटलेला असला की डोळे शिणतात, मागे मंद उजेड असला की ताण कमी होतो आणि काळा रंग जास्त काळा वाटतो. पण व्यवसायात तो उजेड उदासीन पांढरा ठेवतात, डी६५ म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा, आणि अगदी मंद. एचडीआर (उजळ-गडदाचा पल्ला मोठा असलेलं) चित्र तपासताना भोवतालची पातळी ५ निट्स (उजेड मोजायचं एकक) ठेवावी असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.२१०० या शिफारशीतच आहे. तो उजेड हलत नाही, म्हणून डोळ्यांना एक स्थिर पांढरा मिळतो.

तुमचे हे नाचरे दिवे नेमकं उलटं करतात. पडद्याच्या कडेला निळं आलं की भिंत निळी, मग डोळे त्या निळ्याला सरावतात आणि पडद्यावरचा पांढरा पिवळट वाटायला लागतो. गेमला चालेल. रंगांचं काम करताना ते बंद म्हणजे बंदच हवेत.

पाऊणवाटी

@कोराकागद, पण नाचणारे दिवे घेऊन स्थिर पांढरा लावता येतोच ना? दोन्हीची सोय एकाच पट्टीत.

कोराकागद

येतो, पण लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा हा खरा पांढरा नव्हे. त्यात मधल्या छटा गाळलेल्या असतात आणि तो बहुधा निळसर पडतो. बारीक कामाला ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेली पांढरी पट्टी वेगळी लावावी. कोडिंग, एक्सेल, मेल असल्या कामाला मात्र तुम्ही म्हणता तसं चालेल. सोल्डरगन यांनी सांगितलेली चार रंगांची एसके६८१२ घेतलीत तर आणखी बरं.

किर्रकाळोख

माझं काम एक्सेलचंच आहे, तेव्हा मला सूट. :)

तिरपागडं

लिनक्सवाले कोणी आहेत का? वेलँडवर (लिनक्सच्या नव्या डिस्प्ले प्रणालीवर) काही चालतच नाही म्हणे.

सोल्डरगन

@तिरपागडं, चालतं. वेलँडवर कोणत्याही प्रोग्रॅमला परस्पर पडदा वाचू देत नाहीत, पोर्टल नावाच्या सोयीतून परवानगी घ्यावी लागते आणि चित्र पाइपवायर या व्हिडिओ पोचवणाऱ्या सेवेतून येतं. हायपरएचडीआरला ते जमतं. पहिल्यांदा 'कोणता पडदा शेअर करू' असं विचारणारी खिडकी येते, तिथे तुमचा मॉनिटर निवडायचा. प्रिझमॅटिकच्या वाटेला वेलँडवर जाऊ नका. मॅकवाल्यांनाही सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. दिली नाही तर मागच्या वॉलपेपरचे रंग भिंतीवर दिसतात आणि माणूस चक्रावतो.

उंटावरचाशहाणा

आमच्या कॅमेऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही, बरं का!

सोल्डरगन

हो, पण तुमच्याकडे काळोखाचा रंग राखाडी असतो. :)

राहिलेलं लिहितो. सॉफ्टवेअर लावल्यावर पहिली संध्याकाळ रंग जुळवण्यातच जाते आणि ती जाऊ द्यावी. पूर्ण पांढरं चित्र पडद्यावर उघडा आणि भिंतीकडे बघा. बहुतेक पट्ट्या निळसर पडतात. प्रोग्रॅममध्ये निळा आणि हिरवा थोडा थोडा कमी करत न्या, भिंतीवरचा पांढरा पडद्याच्या पांढऱ्यासारखा दिसेपर्यंत. भिंत क्रीम असेल तर तेही यातच भरून निघतं. मग करडं चित्र उघडा. गॅमा, म्हणजे गडद ते उजळ पायऱ्यांचं सेटिंग, नीट नसेल तर गडद करडा भिंतीवर भलताच उजळ दिसतो. एलईडीला दिलेला आकडा निम्मा केला म्हणजे डोळ्यांना उजेड निम्मा वाटतो असं नाही, त्यासाठी गॅमा २.२ च्या आसपास न्यावा लागतो. हे केल्याशिवाय 'रंग फिके वाटतात' अशी तक्रार करू नये.

दुसरं, स्मूदिंग. दिवे एका रंगातून दुसऱ्यात किती सावकाश जातात त्याचं सेटिंग. सिनेमाला १५० ते २०० मिलिसेकंद बरे वाटतात. गेममध्ये तेवढं ठेवलं तर स्फोट पडद्यावर होऊन जातो आणि भिंत मागाहून दचकते. गेमला ५० च्या आसपास आणा. दोन प्रोफाइल करून ठेवा.

तिसरं, सिनेमातल्या काळ्या पट्ट्या. २.३९:१ चा सिनेमा १६:९ च्या मॉनिटरवर लावला की वरखाली काळं राहतं. प्रोग्रॅम कडेचाच रंग वाचतो, त्याला काळं मिळतं, म्हणून वरची अख्खी रांग विझते. हायपरएचडीआरमध्ये काळ्या कडा ओळखायची सोय आहे, ती चालू करा. मग तो आतल्या चित्राच्या कडेपासून वाचतो.

रातकिडा

मला दोन अडचणी आल्यात. विंडोजचं एचडीआर चालू केलं की भिंतीवरचे रंग धुतल्यासारखे दिसतात. आणि एका ओटीटीच्या ॲपमध्ये सिनेमा लावला की दिवे पूर्ण बंद. किट तयार घेतलेलं आहे, कंपनीचं नाव घेत नाही. त्यांना मेल केला तर 'ॲप अपडेट करा' एवढंच उत्तर येतं.

ठिगळ

दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

एचडीआरमध्ये चित्राचे आकडेच निराळ्या पद्धतीने मांडलेले असतात. प्रोग्रॅमने ते साध्या चित्रासारखे वाचले तर फिकेच दिसणार. टोन मॅपिंग, म्हणजे ते आकडे साध्या चित्राच्या पल्ल्यात बसवणं, करणारा प्रोग्रॅम हवा. हायपरएचडीआर हे नावच त्यावरून आहे. तुमच्या किटचं बंदिस्त ॲप ते करत नसेल तर तुम्ही काही करू शकत नाही, एचडीआर बंद ठेवून बघणे हाच उपाय.

दुसरी गोष्ट कॉपी-संरक्षणाची. संरक्षित व्हिडिओ ग्राफिक्स कार्डात अशा वाटेने जातो की पडदा वाचणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला तिथे काळा चौकोन मिळतो. दिवे बंद पडलेले नाहीत, ते इमानदारीने काळा रंग दाखवतायत. सगळ्या साइटवर, सगळ्या ब्राउझरमध्ये असं होत नाही, त्यामुळे तोच सिनेमा ॲपऐवजी दुसऱ्या ब्राउझरमध्ये लावून बघा. इथे मात्र कॅमेरा जिंकतो, हे उंटावरून कोणी ओरडायच्या आत मीच लिहून टाकतो.

उंटावरचाशहाणा

ओरडलोच होतो, प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रातकिडा

धन्यवाद ठिगळ. दुसऱ्या ब्राउझरमध्ये चाललं! एचडीआर बंद केलं आहे सध्या.

किट घेणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. खोक्यावर 'पीसी सिंक' लिहिलेलं असलं तरी ते ॲप खातं उघडल्याशिवाय चालतं का, इंटरनेट गेल्यावर चालतं का, हे आधी विचारा. माझं लॉगिनशिवाय उघडतच नाही. भिंतीवर निळा रंग पाडायला माझा ईमेल कशाला लागतो?

ठिगळ

अगदी. म्हणून मी तयार किट घेणाऱ्यांना एवढंच बघायला सांगतो की कंपनीचं ॲप उद्या बंद पडलं तर ती पट्टी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर चालेल का. सिग्नलआरजीबी, ओपनआरजीबी या वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत ते मॉडेल आहे का बघा. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून डायनॅमिक लाइटिंग ही दिवे चालवायची सोय आलीय, खोक्यावर त्याचंही नाव असतं. पण ते पडद्याचे रंग भिंतीवर आणत नाही. एक रंग, इंद्रधनुष्य, लाटा असले ठरावीक प्रकार तेवढे लावता येतात. त्या नावावर भुलून घेऊ नका.

आणि ह्यूचे दिवे घरात आधीच असतील, तर पीसीसाठी डबीची गरज नाही. त्यांचा विंडोज आणि मॅकसाठीचा सिंक प्रोग्रॅम आहे, तो ब्रिजमार्फत दिवे चालवतो.

सावलीतली

एक वेगळा मुद्दा, कारण कोणीच लिहिला नाही. घरात कोणाला फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असेल तर हे दिवे लावण्याआधी डॉक्टरांशी बोला. वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे जे नियम आहेत त्यात सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको असं सांगितलंय. नेमबाजीच्या गेममध्ये तो आकडा सहज ओलांडला जातो, आणि आता तो झगमगाट पडद्यापुरता न राहता अख्ख्या भिंतीवर जातो. मला मायग्रेनचा त्रास आहे. स्मूदिंग वाढवून आणि उजेड अगदी कमी करून सिनेमे बघते, गेमला दिवे बंद ठेवते. तेवढ्यावर निभतं.

सोल्डरगन

@सावलीतली, बरं झालं लिहिलंत. हायपरएचडीआरमध्ये उजेडाची कमाल मर्यादा घालता येते, ती सगळ्यांनीच कमी ठेवावी. दुकानातल्या व्हिडिओत दाखवतात तेवढा प्रखर उजेड घरी कोणालाच सोसत नाही.

किर्रकाळोख

सगळं वाचून असं ठरवतोय: डब्ल्यूएस२८१२बी, तीन बाजू, ईएसपी३२, यूएसबी, हायपरएचडीआर. कन्सोल चालू असताना दिवे मंद पांढऱ्यावर ठेवेन. कन्सोलसाठी वेगळी डबी घेणं जिवावर येतंय.

प्रश्न: मीटरला ३० ची पट्टी घेऊ की ६० ची? आणि कोपरे कसे वळवायचे? पट्टी आडवी वाकत नाही.

उंटावरचाशहाणा

कन्सोलचा हिशोब एकदा परत करा, एवढंच म्हणतो. मी स्वतः निम्म्याहून जास्त वेळ कन्सोलवर असतो, म्हणून माझं उत्तर वेगळं आलं.

किर्रकाळोख

माझा कन्सोल सुट्टीच्या दिवशी भाचे आले की चालू होतो. त्यांना पांढरा पुरे.

सोल्डरगन

मग बरोबर ठरवलंत.

३० की ६०, ते भिंतीच्या अंतरावर आहे. मॉनिटर भिंतीपासून वीतभर लांब असेल तर शेजारशेजारचे रंग वाटेतच मिसळतात, ३० पुरतात. भिंतीला जवळजवळ टेकलेला असेल तर प्रत्येक एलईडीचा ठिपका वेगळा दिसतो, तिथे ६० हवेत. तुमच्याकडे ३० चालतील. मी तरीही ६० घेईन, कारण उद्या मॉनिटर मागे सरकवलात तर पट्टी बदलायला नको. फार लांब, हातभर वगैरे असेल, किंवा मागे भिंतच नसून खिडकी असेल, तर मात्र या सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही. गडद रंगाच्या भिंतीचंही तेच.

कोपरे: पट्टीवर कात्रीची खूण असलेल्या जागी कापा. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला तांब्याचे तीन ठिपके राहतात, त्यांना छोट्या तारा सोल्डर करून कोपरा वळवा. बाणाची दिशा सगळीकडे तीच राहिली पाहिजे, एका तुकड्याचा 'आउट' पुढच्याच्या 'इन'ला. तयार क्लिपचे कोपरे मिळतात, पण ते मॉनिटर हलवताना सैल होतात आणि मग पुढचे सगळे एलईडी विझतात. तुमचे दोनच कोपरे आहेत, म्हणजे सोल्डरचे बारा डाग. शिकायला यापेक्षा सोपं काम मिळणार नाही. तार आणि ठिपका दोघांना आधी वेगवेगळं थोडं सोल्डर लावून घ्या, मग एकमेकांवर ठेवून सोल्डरिंगची इस्त्री क्षणभर टेकवा. इस्त्री जास्त वेळ धरली तर तांब्याचा ठिपका पट्टीवरून उचकटून येतो.

डेटाच्या तारेत पट्टीच्या तोंडाशी ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर, आणि ॲडॉप्टरच्या दोन तारांमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, आणि पाच व्होल्टवरच्या डब्ल्यूएस२८१२बी ला कागदोपत्री ३.५ लागतात. तार आखूड असेल तर बहुतेकदा चालून जातं. पहिला एलईडी अधूनमधून भलता रंग दाखवायला लागला तर सिग्नल पाच व्होल्टला चढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप मधे घाला.

पॉवर शक्यतो दोन्ही टोकांना द्या. एकाच टोकाला दिली तर लांबच्या टोकाला पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, निळा आधी मान टाकतो आणि पांढरा पिवळा-तांबूस दिसतो.

पाऊणवाटी

मागे चिकटवायला काही युक्ती? माझ्या मॉनिटरची पाठ खडबडीत आहे, आणि गरमही होते. पट्टीचा मूळचा डिंक टिकेल असं वाटत नाही.

तिरपागडं

पाठ आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. तरी मूळच्या डिंकावर विसंबू नका, वरून फोमची दुहेरी चिकटपट्टी लावा. हवेच्या जाळीवरून पट्टी नेऊ नका. कडेपासून दोन-तीन बोटं आत ठेवा, नाहीतर शेजारी उभ्या माणसाला एलईडी थेट दिसतात. वक्र मॉनिटरला पट्टी लावताना ओढून ताणू नका, दुसऱ्या दिवशी मधूनच सुटते. वायर मात्र जिथे बाहेर पडते तिथे क्लिपने बांधा, तिचं ओझं चिकटपट्टीवर येता कामा नये.

रातकिडा

अवांतर: पीसी शटडाउन केल्यावरही माझी पट्टी शेवटचा रंग दाखवत पेटून राहते. रात्री उठून प्लग काढावा लागतो.

ठिगळ

पीसी बंद झाला तरी बरेच मदरबोर्ड यूएसबीला वीज देत राहतात. बायोसमध्ये ईआरपी नावाचं सेटिंग असतं, ते चालू केलं की शटडाउननंतर पोर्टची वीज जाते. मग कीबोर्डवरून पीसी चालू करता येत नाही, तेवढं बघा.

धागाकर्त्यांनी डब्ल्यूएलईडी घेतलं तर एक फरक आहे. पीसीकडून डेटा थांबला की ते थोडा वेळ वाट बघतं आणि स्वतःच्या ठरवलेल्या रंगावर जातं. तो 'ठरवलेला रंग' बंद असा साठवून ठेवा, म्हणजे मॉनिटर झोपला की दिवेही झोपतील. कन्सोलसाठी मंद पांढऱ्याचा दुसरा प्रीसेट करा आणि ईएसपी३२ ला एक बटण जोडून त्यावर ठेवा. डब्ल्यूएलईडीत बटणाची सोय आहे, भाच्यांना फोनवरचं ॲप शोधत बसायला नको.

किर्रकाळोख

बटणाची कल्पना आवडली. पट्टी, ईएसपी३२, ॲडॉप्टर आणि सोल्डरिंग इस्त्री मागवली. मीटरला ६० वालीच घेतली. @सोल्डरगन, इस्त्रीचं टोक चपटं चांगलं की टोकदार?

सोल्डरगन

चपटं. टोकदाराने उष्णता नीट पोचत नाही, मग माणूस दाबत बसतो. पट्टी मीटरभर जास्तीची असेल तर तिच्या एका टोकावर आधी हात बसवून घ्या, मगच मॉनिटरच्या तुकड्यांना हात लावा.